पहिली फेरी

४ फेब्रुवारी

माननीय अध्यक्ष,

तुला 'प्रिय' लिहिण्याइतका माझा हात अजून खोटा झालेला नाही, म्हणून हा मायना. पुढे मात्र अरे-तुरेच करणार आहे. तू रांगत होतास तेव्हा तुझं नाक मी पुसलेलं आहे. तुझ्या दारावर पाटी लागली म्हणून ते नाक काही सरकारी झालं नाही.

तीन वर्षांनी लिहायला बसले ते वर्तमानपत्रातल्या तुझ्या फोटोमुळे. लिफ्ट सुरक्षा प्राधिकरणाचे अध्यक्ष, हातात नव्या नियमावलीचा मसुदा. डावीकडे मंत्री. उजवीकडे मोठ्या लिफ्ट कंपनीचा तो बडा अधिकारी, ज्याला आपल्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सगळे 'गुळगुळीत' म्हणतात, कारण त्याच्या बोलण्यावर माशी बसली तर घसरून पडेल. तिघेही हसताय. ते दोघं मनापासून हसताहेत. तुझं हसू शाळेच्या फोटोतलं आहे, फोटोग्राफरने सांगितलं म्हणून केलेलं.

आईने तो फोटो कापून टेबलाच्या काचेखाली सरकवला. गुळगुळीत पूर्ण गेला, पण मंत्र्याचा एक कान राहिला. तिच्याकडे जेवायला बसले की मी आणि तो कान एकमेकांसमोर असतो.

मसुदा मागवून मी अथपासून इतिपर्यंत वाचला. तुम्ही लोकांनी त्यात लिफ्टला 'उद्वाहन' म्हटलंय. आत अडकलेल्या माणसाला जो शब्द ओरडता येणार नाही, तो शब्द कायद्यात घालणारे कधी आत अडकलेलेच नसतात. असो. उद्वाहनाच्या खाली जे काही लपवलंय ते एवढंच, की ज्या कंपनीने लिफ्ट बनवली तिच्याच माणसाने तिला हात लावायचा, दुसऱ्या कोणी लावला तर गुन्हा. म्हणजे एप्रिल संपला की बाबांचं वर्कशॉप बंद, आणि शहरातली आपल्यासारखी सगळी लहान वर्कशॉपं बंद.

कारण काय, तर कोर्टामागच्या इमारतीतला अपघात. दोन माणसं गेली. ती लिफ्ट कंपनीची, देखभालीचं कंत्राट कंपनीचं, तपासणीचा शिक्का कंपनीचा. आमच्यातलं कोणी त्या इमारतीची पायरीसुद्धा चढलेलं नव्हतं. डॉक्टरने भलताच पाय कापला म्हणून गल्लीतल्या चपलेच्या दुकानाला टाळं ठोकावं, तसा हा न्याय आहे. आणि तो करताना तुझा चेहरा किती गंभीर.

लोकांना वाटतं, उद्योगपती नियमांना घाबरतात. घाबरतात ते लहान. मोठे नियम मागून घेतात, मसुदा स्वतः लिहून आणतात, मंत्र्याच्या हाताने देतात आणि तुझ्यासारख्याच्या सहीने घेतात. चांगलं काम करून शेजाऱ्याचं गिऱ्हाईक मिळवायला आयुष्य जातं. कायदा करून शेजाऱ्याचं दुकान बंद करायला एक अधिवेशन पुरतं. पूर्वीचे व्यापारी राजाकडून सनद आणायचे आणि तो माल दुसऱ्याने विकला तर त्याचे हात तोडायला लावायचे. आताचे सभ्य आहेत. हात तोडत नाहीत, हाताला परवाना लागतो असं ठरवतात.

समितीत कोणाला बसवलंस तेही पाहिलं. कंपन्यांचे तिघं. एक निवृत्त मुख्य निरीक्षक, जो निवृत्तीनंतर कंपनीचा सल्लागार झाला, म्हणजे पगार आधीपासून कोणाचा होता ते उशिरा कळलं. आणि 'ग्राहकांच्या प्रतिनिधी' म्हणून कंपनीच्या वकिलाची बायको. ती बंगल्यात राहते. लिफ्ट तिने हॉटेलात पाहिली असेल. मी तिचं नाव ग्राहकमाता ठेवलंय.

आणि मग कलम चौदा. 'दुरुस्तीनंतर प्रमाणपत्रावर जो सही करील, त्याने त्या उद्वाहनातून स्वतः प्रथम प्रवास केल्याखेरीज ते वापरास खुले करता येणार नाही.'

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. हे बाबांचं आहे. दुरुस्ती झाली की हात पुसून ते एकटे आत शिरायचे, तळापासून वरपर्यंत आणि परत. तोपर्यंत इमारतीतली सगळी माणसं खाली ताटकळत उभी, घरमालक असो की पोस्टमन. खाली आल्यावर दार उघडून म्हणायचे, "पहिली माझी झाली. दुसरी तुमची." मगच कागदावर सही. दुसऱ्या फेरीला आपण दोघं घुसायचो. भार तपासायला ठेवलेल्या वाळूच्या पोत्यांवर तुला बसवायचे म्हणून मिस्त्री लोक तुला 'वजन' म्हणायचे, आठवतं का?

बाबांचं वर्कशॉप गाडणाऱ्या नियमावलीत तू बाबांचंच वाक्य घातलंस. थडग्यावर फूल ठेवावं तसं. कशासाठी? रात्री झोप लागावी म्हणून?

ताई


१९ मार्च

माननीय अध्यक्ष,

कालच्या जनसुनावणीबद्दल अभिनंदन. जन दाराबाहेर होते आणि सुनावणी आत होती, एवढीच काय ती किरकोळ गैरसोय.

पुढच्या रांगांमध्ये तुम्ही 'सामान्य नागरिक' बसवले होते. सगळ्यांच्या बुटांना एकसारखं पॉलिश. त्यातल्या एकाला मी विचारलं, तुमची लिफ्ट कुठल्या इमारतीतली. तो म्हणाला, "त्याचं उत्तर आमचे साहेब देतील." मंत्री उशिरा आले, सामान्य माणसाच्या सुरक्षिततेबद्दल गहिवरून बोलले, आणि पहिला सामान्य माणूस तोंड उघडायच्या आत निघून गेले. गहिवर संपेपर्यंत गाडी सुरू करून ठेवली होती, ती मी खिडकीतून पाहिली.

मला तीन मिनिटं दिलीस. तीन मिनिटं मला घसा साफ करायला लागतात, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? म्हणून एकच प्रश्न विचारला. कोर्टामागची लिफ्ट शेवटची कोणी तपासली होती? एवढ्यात माइक बंद पडला. तांत्रिक अडचण. पण माझा आवाज गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून तळमजल्याला हाका मारून तयार झालेला आहे, हे तुझ्या लोकांना तू सांगायला विसरलास. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि बाहेरच्या गर्दीने तो भिंतीपलीकडून ऐकला. गुळगुळीत उठला आणि म्हणाला, ताईंच्या भावनांचा आम्ही आदर करतो. मी त्याला भावना दिलीच नव्हती. मी प्रश्न दिला होता. पण त्या लोकांच्या दुकानात प्रश्न ठेवायला फळी नाही, म्हणून येईल तो माल ते भावनांच्या डब्यात टाकतात.

ग्राहकमाता म्हणाली की जिवाची किंमत करता येत नाही. टाळ्या पडल्या. कोणाच्या जिवाची, हे विचारायला माझी मिनिटं उरली नव्हती. तू घंटी वाजवलीस. बहिणीवर घंटी वाजवताना तुझं बोट जरासुद्धा अडखळलं नाही. सराव चांगला झालाय.

नंतर पाण्याच्या मशीनपाशी तू आलास. इकडेतिकडे पाहून, चोरासारखा. म्हणालास, "ताई, समजून घे. मी केलं नाही तर दुसरा कोणी करेल. मी आहे म्हणून कलम चौदा तरी आहे."

मी म्हणाले, "म्हणजे दरोडेखोरांच्या टोळीत तू दिवा धरायला आहेस."

तू आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. मी उत्तर देणार एवढ्यात गुळगुळीतने लांबून हात केला आणि तू अर्ध्या वाक्यात गेलास. पाण्याचा पेलासुद्धा तसाच टाकून.

तर गुडघे जसे होते तसेच आहेत. जिना तिला जमत नाही. सहावा मजला आहे आणि लिफ्ट चालू आहे तोवर चिंता नाही.

एक गोष्ट मात्र मी भर सभेत सांगते आणि इथेही लिहिते. तू पैसे खाल्लेले नाहीस. वर्कशॉपमधले काही जण म्हणतात की खाल्ले, मी त्यांच्याशी भांडते. पैसे खाणाऱ्याला निदान भूक असते. तुला फक्त त्या टेबलाशी बसायचं होतं. तुझ्यासमोर पाटी असावी, पाण्याच्या बाटलीला झाकण असावं आणि गुळगुळीतने तुला 'सर' म्हणावं. इतक्या स्वस्तात त्या कंपनीने आजवर लिफ्टचं बटणसुद्धा विकत घेतलं नसेल.

ताई


२२ मे

अध्यक्ष,

'माननीय' गळून पडलं, कारण आज मी खुशीत आहे.

नियमावली लागू झाली. आम्ही वर्कशॉपला कुलूप लावलं आणि सगळ्या लहान वर्कशॉपांनी मिळून तुमच्यावर खटला भरला. पुढच्या महिन्यात मोर्चाही आहे. ते तुला ठाऊक असेल. आता तुला जे ठाऊक आहे आणि तू कोणाला बोलत नाहीस, ते मी बोलते.

शहरभर लिफ्टा बंद पडल्यात. मोडल्या म्हणून नाही. कंपनीची माणसं येतात, काहीतरी उघडतात, काहीतरी लावतात, पण दार सीलबंद करून जातात. का? कलम चौदा. ज्याची सही, त्याची पहिली फेरी. आणि कंपनीचे सही करणारे कोण, तर काचेच्या इमारतीत बसून पडद्यावर बघत दिवसभर सह्या ठोकणारे चार जण, ज्यांनी मशीनची खोली जन्मात पाहिलेली नाही. आता त्यांना खुर्चीवरून उठून इमारती-इमारतीत जाऊन, एकट्याने आत शिरून, वरपर्यंत जाऊन यावं लागणार. ते तयार नाहीत. एकाने तर म्हणे उंचीची भीती असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणलंय. जो दिवसाला ढीगभर लिफ्टा सुरक्षित ठरवतो, त्याला लिफ्टची भीती वाटते. हे ऐकल्यावर मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

गुळगुळीतने मसुद्याचं अक्षर न् अक्षर स्वतः बसवून घेतलं आणि हे एकच वाक्य डोळ्यांखालून जाऊ दिलं, कारण त्याला ते शोभेचं वाटलं. अध्यक्षांच्या वडिलांची आठवण, राहू द्या, भाषणाला बरं पडेल. सही करणाऱ्याला खरोखरच आत बसावं लागेल, ही शक्यता त्या लोकांच्या डोक्यात शिरूच शकत नाही. आपल्या वर्कशॉपमधला कालचा पोरगासुद्धा हे वाचून दचकला असता. ही चूक करायला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जिवावर सह्या केलेल्या असाव्या लागतात.

थडग्यावरचं फूल म्हणाले होते ना मी? त्या फुलाला काटा निघाला. बाबा असते तर त्यांनी नुसता पाना उचलून कान खाजवला असता.

आता हसू बाजूला ठेवून सांगते. आईची लिफ्टही बंद आहे. आधी ती मजल्यावर नीट थांबेना. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक धरणाऱ्या पट्ट्या, झिजलेत, पायऱ्या चढत असतानासुद्धा मला तो आवाज कळत होता. पूर्वी पेटी घेऊन गेले असते आणि काम उरकून जेवायला आईकडेच बसले असते. आता कंपनीचा माणूस आला, नियंत्रणाच्या पेटीत काहीतरी नवं बसवून गेला, ब्रेककडे बघितलंसुद्धा नाही, आणि दाराला सील. त्या दिवसापासून आई खाली उतरलेली नाही.

समोरच्या बागेत तिच्या मैत्रिणींचा बाक आहे. ती खिडकीतून हात करते. त्या खालून ओरडून बोलतात. आईला एक शब्द ऐकू येत नाही, म्हणून ती सगळ्यालाच मान डोलावते. परवा कळलं की तिने अशी मान डोलावून एका सहलीला होकार दिलाय. त्या आता जागा राखून बसल्यात.

मी सील तोडायला निघाले होते. पेटी हातात, एक पाय दाराबाहेर. आई म्हणाली, "माझ्या मुलाचं सील आहे. तोडायचं नाही."

म्हणून तोडलेलं नाही. तुझ्या कायद्याला घाबरले, असा समज करून घेऊ नकोस.

ताई


१४ जून

भाऊ,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं. चार ओळी, त्याही टाइप केलेल्या. आईला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेऊन मागून-पुढून पाहिला, कुठे पेनाने काही लिहिलंय का ते शोधलं, आणि परत दिला.

तू लिहितोस की कलम चौदा व्यवहार्य नाही असं सर्व संबंधितांचं मत पडलं. सर्व संबंधितांत आई नसावी. तू लिहितोस की सुधारणा तयार आहे आणि महिनाअखेरीस तुझी सही होईल. ती सुधारणा मी मिळवून वाचली. 'सही करणाऱ्याने अथवा त्याच्या प्रतिनिधीने दूरस्थ पद्धतीने निरीक्षण केल्यास, प्रथम प्रवास झाला असे मानण्यात येईल.'

मानण्यात येईल. भाऊ, मी खूप वाचलंय. जुलमी राजांचे हुकूम वाचलेत, खोट्या कबुल्या वाचल्यात, बाजारभाव पाडून शहरं उपाशी मारणाऱ्यांचे नफ्याचे अहवाल वाचलेत. पण या दोन शब्दांइतकं निर्लज्ज काही वाचलेलं नाही. राजा निदान म्हणायचा, मारा. तुम्ही म्हणता, जिवंत आहे असे मानण्यात येईल. उद्या कोणी पडलं तर पडलं नाही असंही मानता येईल. आई महिनाभर सहाव्या मजल्यावर आहे, ती बागेत आहे असं माना की. सोपं आहे. लिफ्टसुद्धा लागणार नाही.

हे लिहून थांबले होते. पत्र तसंच टाकायचं होतं. पण मला तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे आणि मागायची सवय नसल्यामुळे वाकडं लिहिलं जातंय.

ऐक. आम्ही खटला मागे घेतो. मी सगळ्यांशी बोलले. शिव्या खाल्ल्या, पण तयार केलं. मोर्चा रद्द करते. वर्कशॉपवरची पाटी मी स्वतः शिडी लावून उतरवते, हवा तर फोटोग्राफर पाठव. मिस्त्री लोक कंपनीत नोकऱ्या मागतील, त्यांना कोटाच्या खिशावर कंपनीचं नाव शिवून मिळेल. बाजार तुमचा. शहर तुमचं. बोलायलाही मी उभी राहणार नाही, आणि माझ्यासाठी याचा अर्थ काय ते तू जाणतोस.

फक्त ते वाक्य राहू दे. एवढं एकच. सगळी नियमावली त्यांची आहे, त्यात एक ओळ आपली आहे. तिच्यामुळे कुठल्यातरी सही करणाऱ्याला निदान एकदा त्या दारातून आत पाऊल टाकावं लागेल, आणि पाऊल टाकण्याआधी तो वर दोराकडे बघेल. यापेक्षा मोठी सुरक्षितता मला माहीत नाही. तुलाही नाही.

सही करू नकोस.

ताई


९ जुलै

अध्यक्ष,

केलीस.

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. नाक्यावर नेहमीच्या जागी कचरा दिसल्यावर जसं वाटतं, तसं वाटलं.

मोर्चा काढला. दोन भाषणं केली. तुझं नाव घेतलं नाही, 'एक गृहस्थ' म्हटलं, आणि लोकांना कळलं. खटला चालूच राहील, तुझ्या आणि माझ्या आयुष्यापेक्षा जास्त. गुळगुळीतने वर्तमानपत्रात म्हटलंय की आता नियमन आणि उद्योग हातात हात घालून चालतील. चालतीलच. एकाच माणसाचे दोन हात आहेत.

आता घरची बातमी. सुधारणा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईच्या लिफ्टचं सील निघालं. कंपनीचा एक तरुण आला, सील कापलं, दारावर हिरवा स्टिकर चिकटवला आणि चालला. मी विचारलं, "बसून बघणार नाही?" तो म्हणाला, "पहिला प्रवास झालाय." खिशातला फोन दाखवला. खरंच, त्यात झालेला होता. मी ब्रेकचं सांगितलं, तो म्हणाला तक्रार ऑनलाइन करा. केली. 'निराकरण झाले' असं उत्तर आलं. मशीनच्या खोलीला कंपनीचं कुलूप आहे.

इमारतीतले काही जण बसतात, मी सांगूनही. घाईत असलेल्या माणसाला हिरवा रंग पुरतो.

आई मात्र तयार होऊन, पर्स घेऊन, दारापर्यंत आली. चष्मा लावून तिने स्टिकर वाचला. खाली छापलेली सही पाहिली. अध्यक्षाची म्हणून शहरातल्या प्रत्येक स्टिकरवर तीच छापली आहे, हे मी तिला सांगितलं. तिने त्या सहीच्या शेवटच्या फराट्यावरून बोट फिरवलं. तो फराटा तू सातवीत शिकलास, बाबांच्यासारखा.

"ही त्याची सही आहे ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग त्याने आधी बसायला हवं."

आणि परत घरात जाऊन पर्स खुंटीला लावली. मी समजावलं की नियम बदललाय. ती म्हणाली की नियम त्यांच्याकडे बदलला असेल, आपल्याकडे नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. आईला मी इतकं हट्टी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे माझा हट्ट बाबांवर गेलाय असं जे सगळे समजतात, ते साफ चूक आहे.

तेव्हा ये. भाषण करणार नाही, वर्तमानपत्राला कळवणार नाही. तुझी सही आहे, एक फेरी मार. तळापासून सहाव्यापर्यंत. त्यानंतर आई उतरेल. तिची सहल हा रविवार सोडून पुढच्या रविवारी आहे.

ताई


२९ जुलै

वजना,

तुला हे पत्र लिहायची खरं तर गरज नाही, तू तिथे होतास. पण तू खाली होतास आणि आम्ही वर होतो. वरून काय दिसलं ते तुला कळायला हवं.

वॉचमनने फोन करून सांगितलं की साहेबांची गाडी आली. आई तयारच होती. चांगले कपडे, पर्स, पाण्याची बाटली. आम्ही दोघी सहाव्यावर लिफ्टच्या दारासमोर उभ्या राहिलो. शेजारची दारं उघडली. कोणाला काही विचारायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. आईने केसांवरून हात फिरवला. बाबा पहिली फेरी घेऊन यायचे तेव्हा ती खाली अशीच उभी राहायची, मला एकदम आठवलं.

मशीन सुरू झालं. दोर हलले. आई म्हणाली, "आला."

लिफ्ट सहाव्यावर आली. थांबली, आणि थांबल्यावर किंचित वर सरकली. मग दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

फरशी आमच्या उंबरठ्याच्या चार बोटं वर. दिवा लागलेला. आरशात आम्ही दोघी. दार थोडा वेळ उघडं राहिलं, जसं कोणीतरी मागून येतंय, आणि मग बंद झालं.

वॉचमनने नंतर सांगितलं की तू आत डोकावलास, बटण दाबलंस आणि हात बाहेर काढलास. मग दाराला कान लावून उभा राहिलास. त्याला वाटलं साहेब फोनवर बोलताहेत. मला सांगायची गरज नव्हती. रिकामी वर पाठव आणि ऐक, बाबांनी हे आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता, हे तेही म्हणायचे. तो कान अजून शाबूत आहे. त्याचा मला आनंद झाला की घृणा वाटली, हे ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

आईला पावलं ओळखायला वेळ लागत नाही. ती लिफ्टकडे पाठ करून जिन्याकडे वळली. दुसरा मजला, तिसरा, चौथ्यावर तू थांबलास, धापा टाकल्यास, पुन्हा निघालास. सगळी इमारत दारांत उभी राहून ऐकत होती. माझ्या भाषणाला इतकी शांतता कधी मिळालेली नाही. मी आयुष्यभर चौकाचौकात घसा फोडून जे लोकांना पटवू शकले नाही, ते तू तोंड न उघडता सहा मजले चढून पटवलंस. त्या दिवसापासून त्या इमारतीत कोणीही लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. हिरवा स्टिकर आहे. तुझी सही आहे. सगळे जिन्याने जातात.

वर आलास तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. आई म्हणाली, "दमलास?"

तू म्हणालास, "नाही. व्यायाम होतो."

मी तोंड उघडणार होते. देवाशपथ, वाक्य तयार होतं आणि फार चांगलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. ती तुला म्हणाली, "मग मलाही होऊ दे व्यायाम. धर हात."

आणि तू तिला उतरवलंस. प्रत्येक वळणावर ती बसायची, तू तिची पर्स घेऊन उभा. अध्यक्षाच्या खांद्याला आईची पर्स. पाचव्यावरची बाई खुर्ची घेऊन आली, तिसऱ्यावरच्याने पाणी आणलं. तू लिफ्टच्या दाराकडे एकदाही पाहिलं नाहीस, प्रत्येक मजल्यावर ते समोरच होतं. आई फक्त एवढंच विचारत होती की तू जेवतोस कुठे, आणि घरी कोण करतं. तू खोटं बोलत होतास, ती मान डोलावत होती. या वेळी तिला सगळं ऐकू येत होतं.

खाली बागेत मैत्रिणींनी बाकावर तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. ती बसली आणि मागे वळून पाहिलंही नाही.

मग तू माझ्याजवळ आलास. पुन्हा इकडेतिकडे पाहून, पण या वेळी चोरासारखा नाही. ज्याच्या घरात चोरी झाली त्याच्यासारखा. हळूच म्हणालास, "ताई, ब्रेक उशिरा धरतोय. बघशील?"

मी आईच्या बाकाकडे निघून गेले. तुला वाटलं असेल, विरघळली. ते उत्तर इथे देते.

मला परवाना नाही. तुझ्या नियमावलीप्रमाणे त्या लिफ्टला मी हात लावला तर गुन्हा आहे, आणि गुन्हा मी आईसाठीसुद्धा करणार नाही, कारण तिनेच तसं सांगितलंय. परवाना तुझ्याकडे आहे. अध्यक्षाला कुठल्याही मशीनच्या खोलीची किल्ली मागता येते आणि मशीनला हातही लावता येतो, कलम सहा. नवे लायनर मी आणून ठेवलेत. बाबांची पेटी वर आईच्या पलंगाखाली आहे, कुलूप नाही. पाने त्याच क्रमाने लावलेले आहेत. काम तुला येतं, हे मला चांगलं माहीत आहे, आणि त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावरून इमारतीतल्या सगळ्यांनाही कळलंय.

आई सहलीला जाऊन आली. आता वर्कशॉपच्या मागच्या खोलीत माझ्याकडे आहे. घरी जायचंय म्हणते. जिन्याने चढवायचं नाही म्हणाली डॉक्टर, आणि लिफ्टचं आईचं म्हणणं तुला माहीत आहे.

मी हे कुठल्या सभेत सांगितलेलं नाही. अजून.

रविवारी ये. जुने कपडे घालून ये. आम्ही दोघी खाली ताटकळत उभ्या राहू. पहिली तुझी. दुसरी आमची.

ताई